हाक मारून पाहिलेलं नाव: गॉलवेतल्या एका बाळाचं आयरिश नाव कसं ठरलं

हे प्रकरण ज्या घरातलं आहे, त्या घरी त्या तीन महिन्यांत आठवड्यातून दोन-तीनदा तरी माझं जाणं होत होतं. बाळंतिणीला सोबत म्हणून जायचे आणि बहुतेक वेळा नावाच्या चर्चेत ओढली जायचे. इथे कुणाचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे तपशीलही काढून टाकले आहेत. आई-बाबा दोघांनी मजकूर वाचून होकार दिला आहे. बाळाचं पहिलं नाव तेवढं खरं ठेवलं आहे, कारण ते बदललं तर सांगण्यासारखं काही उरतच नाही. त्यांच्या भागात ते नाव इतक्या घरांत आहे की त्यावरून घर सापडणार नाही.

पार्श्वभूमी

आई मालवण तालुक्यातली. आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात वैद्यकीय उपकरणं बनवणारे बरेच कारखाने आहेत, त्यांतल्या एकात ती क्वालिटी विभागात काम करते. बाबा माध्यमिक शाळेत शिक्षक. तो कार्न्याजवळचा, म्हणजे गॉलवेच्या पश्चिमेला समुद्रकाठी असलेल्या कॉनेमाराच्या गेल्ताख्तमधला. जिथे आयरिश ही अजून घरची, दुकानातली आणि भांडणाची भाषा आहे, त्या पट्ट्याला गेल्ताख्त म्हणतात. 2022 च्या जनगणनेत 18 लाख 73 हजार 997 लोकांनी आपल्याला आयरिश येतं असं सांगितलं. शाळेबाहेर ती रोज बोलणारे मात्र 71,968 निघाले. बाबाची आई त्या दुसऱ्या आकड्यातली. तिकडे आजीला 'मामो' म्हणतात, म्हणून मीही इथे मामोच म्हणते. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. ती एकटी राहते, गॉलवेपासून गाडीने दीडेक तासावर.

मालवणची आजी बाळंतपणासाठी मार्चमध्येच येऊन राहिली होती. डिंकाचे लाडू तिने तिकडूनच आणले होते. आजोबा मालवणला. ते निवृत्त शिक्षक, मराठी आणि संस्कृत शिकवायचे. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर हजर.

लग्नानंतर नवरा-बायकोचा एक करार झाला होता: मुलगी झाली तर मराठी नाव, मुलगा झाला तर आयरिश. एप्रिलमध्ये मुलगा झाला.

बाबाचा आग्रह हौसेपोटी नव्हता, हे आधी सांगायला हवं. आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्मांची सरकारी नोंद 1864 साली सुरू झाली. राज्य इंग्रजांचं, दप्तर इंग्रजी. घरात 'टाइग' म्हणून वाढलेला माणूस कागदावर 'टिमथी' व्हायचा, 'कोलीन' असेल तो 'कोलमन'. त्याच्या पणजोबांचंही असंच झालं होतं: आयुष्यभर ज्या नावाला त्यांनी ओ दिली, ते त्यांच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. शिवेचं सायन झालेलं आपण पाहिलं आहे, पण ते गावाचं नाव होतं. इथे माणसांची गेली.

अडचण नेमकी कुठे होती

आयरिश मुलाचं आयरिश नाव, यात अवघड ते काय? मलाही सुरुवातीला हाच प्रश्न पडला होता. अडचण अशी की नाव तीन ठिकाणी बसायला हवं होतं: मामोच्या तोंडात, मालवणच्या आजीच्या तोंडात आणि कंप्युटरमध्ये.

आयरिश लिपीत परंपरेने अठराच अक्षरं. जे, के, व्ही, डब्ल्यू, वाय, झेड ही अक्षरं जुन्या आयरिश शब्दांत नाहीतच. व हा उच्चार हवा असेल तर बी आणि एच जोडून लिहितात, किंवा एम आणि एच. टी-ए-डी-एच-जी असं लिहिलेलं नाव 'टाइग' वाचतात. आयरिश माणसाला यात नियम दिसतो, आणि नियम आहेच, इंग्रजीपेक्षा पक्का आहे. पण मालवणात किंवा पुण्यात हे नाव कागदावरून कोणी बरोबर वाचणार नाही.

दुसरी गोष्ट 'फादा'. स्वरावरची ती तिरकी रेघ. 'फादा' म्हणजे लांब. आपला दीर्घच तो. दिन आणि दीन यांत जेवढा फरक, तेवढाच तिथे फादाने पडतो. 'शॉन' या नावातल्या ए-वर फादा दिला नाही, तर उरलेल्या शब्दाचा अर्थ आयरिशमध्ये 'म्हातारा' होतो. तरी कितीतरी कंप्युटरना ही रेघ कळत नाही. 2021 च्या अधिकृत भाषा सुधारणा कायद्याने सरकारी संस्थांना बांधून घेतलं आहे की एखाद्याला आपलं नाव आयरिशमध्ये, फादासकट हवं असेल, तर ते तसंच वापरलं पाहिजे. विमान कंपन्यांना मात्र तो लागू नाही, आणि पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या ओळी असतात त्यांत ए ते झेडखेरीज अक्षर चालत नाही. या बाळाची पुढची कितीतरी वर्षं मालवणच्या तिकिटांत जाणार होती.

तिसरी अडचण पंचांगातून आली. आजोबांनी वेळ मिळवून पाहिली, नक्षत्र उत्तराषाढा. अक्षरं भे, भो, जा, जी. बाबा कागद घेऊन बसला आणि हसायलाच लागला. जे हे अक्षर आयरिशमध्ये नाही. बी-एच लिहावं तर त्याचा व होतो. ज-ने सुरू होणारं एक नाव मात्र आयर्लंडमध्ये गल्लोगल्ली आहे: जॅक. 2007 ते 2024 या काळात, 2016 चा अपवाद सोडला तर, तिथल्या मुलग्यांच्या नावांत दर वर्षी तेच पहिलं होतं. पण ते काही आयरिश नव्हे.

आणि या सगळ्याला मुदत. जन्मापासून तीन महिन्यांच्या आत नोंदणी करावी लागते.

फ्रिजवरचा कागद

दुसऱ्या आठवड्यात फ्रिजवर अकरा नावांचा कागद लागला. सगळी इथे सांगत नाही. काही एका दिवसात गेली. 'नीशा' हे त्यांतलं एक. लिहायला भलतंच, पण उच्चार असाच. जुन्या कथेतल्या देखण्या वीराचं नाव, डीर्ड्रा ज्याच्यासाठी राजाला सोडून पळाली तो. मालवणात मात्र ती निशा, म्हणजे मुलगी. आईनेच रेघ मारली.

बाबाच्या मनात ऑशीन होतं. आयरिश दंतकथांतल्या फिन मॅक कूल या वीराचा हा मुलगा; त्याच्या आईला शापाने हरिणी केलं होतं, म्हणून नावाचा अर्थ 'हरिणाचं पाडस'. तोच पुढे नीव्ह नावाच्या राजकन्येच्या पांढऱ्या घोड्यावर बसून चिरतारुण्याच्या देशात जातो, तिथे तीनशे वर्षं त्याला तीन वर्षांसारखी वाटतात, आणि परत आल्यावर आयर्लंडच्या मातीला पाय लागताच क्षणात म्हातारा होतो. परदेशात राहणाऱ्या आम्हा लोकांना ही कथा ऐकताना गलबलून येतं. आईलाही नाव आवडलं. दोघांनी उत्साहाच्या भरात तिसऱ्याच दिवशी दोन्हीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकूनही दिलं होतं.

घरी मालवणच्या आजीने ते दोन दिवस म्हणून पाहिलं. कॉनेमारात जोर पहिल्या अक्षरावर. दक्षिणेत, मन्स्टरमध्ये, तो दुसऱ्यावर जातो आणि नाव 'उशीन' होतं. आजीच्या कानाने नेमकं हेच पकडलं. मग ती म्हणाली, "नातवाक काय उशी म्हणान हाक मारूची?" कोणी हसलं नाही. ती खरंच हिरमुसली होती. पहिला नातू, आणि त्याचं नाव उच्चारताना तिला प्रत्येक वेळी अडखळावं लागत होतं.

दुसरा पर्याय सोपा होता. रीअन आणि कीअन. रीअन म्हणजे छोटा राजा. त्यातला 'री' आणि आपला 'राजन्' एकाच मुळातून आलेले. कीअन म्हणजे पुरातन, टिकून राहिलेला. दोन्ही आयर्लंडमध्ये भरपूर चालतात आणि आपल्याकडच्या रियान-कियानमध्ये बेमालूम मिसळतात. अशा घरांना सल्ला देणारे सगळे हेच सुचवतात, मीही सुचवलं होतं. ते आईने नाकारलं, आणि तिचं कारण मला आजही पटतं. ती म्हणाली, "पुण्यात याला कियान म्हणतील आणि नाव आयरिश आहे हे कुणाला कळणारसुद्धा नाही. मग आयरिश नाव ठेवलं कशाला? मी करार केलाय तो असा चोरून पाळायला नाही."

तिसरा पर्याय परंपरेचा. आयर्लंडच्या जुन्या रीतीने पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. म्हणजे गेलेल्या आजोबांचं: कोलीन. कबुतराच्या अर्थाच्या 'कोलम'वरून आलेलं, कॉनेमारात घरोघर सापडणारं. सगळ्यांनी मनात धरून ठेवलं होतं की मामोला हेच हवं असणार. मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या आईच्या कानाला ते 'कोळीण' ऐकू यायचं, पण हे ती नवऱ्याला सांगेना. सासरा नुकताच गेलेला. त्याच्या नावाबद्दल असं कसं बोलायचं?

यादीत अगदी खाली, बाबाच्या बहिणीने लिहिलेलं एक नाव होतं. दारा.

बारसं, पण नावाशिवाय

बारावा दिवस आला तेव्हा ऑशीन मागे घेतलेलं आणि दुसरं काही ठरलेलं नाही. पहिला खरा निर्णय इथे घ्यावा लागला: बारसं पुढे ढकलायचं की नावाशिवाय करायचं? मालवणच्या आजीला ढकलणं मान्य नव्हतं. शेवटी ठरलं की कानात देवाचं नाव सांगायचं, हाक मारायचं नाव मागाहून.

आत्या म्हणजे बाबाची बहीण, लिमरिकहून खास आली होती. आत्याचा मान काय असतो हे तिला आईने फोनवर समजावलं होतं. साडी नेसून ती वेताच्या टोपलीशी वाकली, बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केलं (आयरिश माणसाला र छान जमतो) आणि देवाचं नाव सांगितलं. मग स्वतःच्या मनाने तिने फ्रिजवरचा कागद काढून घेतला आणि उरलेली सगळी नावं एकामागून एक बाळाला हळू आवाजात ऐकवली. मालवणच्या आजीने तिला अडवलं नाही. पाठीवर धपाटे तेवढे रीतीप्रमाणे घातले.

नाव ठरलं नसताना सोहळा करणं धोक्याचं वाटलं होतं. प्रत्यक्षात त्या दिवसाने घरावरचा दाब उतरला. बारसं झालं, आत्याचा मान झाला, आजीचं समाधान झालं, आणि उरली फक्त सरकारी मुदत, जिला अजून अडीच महिने होते.

'दारा'वरची चर्चा

आयरिशमध्ये ओकच्या झाडाला 'दार' म्हणतात, लिहितात डी-ए-आय-आर. दारा त्यातून आलं. किल्डेअर या परगण्याचं आयरिश नाव 'किल दारा', ओकजवळचं चर्च. उत्तरेचं डेरी शहर म्हणजे ओकची राई. कॉनेमारात मात्र हे नाव झाडापेक्षा एका संताकडून येतं. कार्न्यापासून थोडं समुद्रात एक छोटं बेट आहे, त्यावर दगडी छताचं इवलंसं जुनं देऊळ आहे, ते संत मॅक दाराचं. जुन्या शिडाच्या होड्या त्या बेटाजवळून जाताना तीनदा शीड खाली करून त्याला वंदन करतात. गंमत अशी की मॅक दारा म्हणजे 'दाराचा मुलगा'. संताचं स्वतःचं नाव वेगळंच होतं असं परंपरा सांगते. तो ओळखला जातो बापाच्या नावाने. आपल्याला यात नवल वाटू नये, आपलं तर मधलं नावच बापाचं असतं.

लिहायला चार अक्षरं. फादा नाही. शिवाय एक गोष्ट, जी मला तोवर ठाऊक नव्हती: आयरिशमधला हा जाड 'द' दातांना जीभ लावून म्हणतात, थेट आपल्या द-सारखा. इंग्रजी बोलणारे 'डॅरा' म्हणतात, पण मामो आणि मालवणची आजी दोघींच्या तोंडात तो द एकच. आजीला पहिल्या झटक्यात जमला.

पण जमला आणि लगेच ती गप्प झाली. रात्री मुलीला म्हणाली, दारा म्हटलं की लोक दारू म्हणणार. शाळेत चिडवतील. हा आक्षेप मला उशीपेक्षा वजनदार वाटला. आपल्याकडची पोरं खरंच चिडवतात.

दुसऱ्या संध्याकाळी कॉलवर आजोबांना सांगितलं, तर ते एकदम खुलले. आधी दारासिंग आठवला. मग शिक्षक जागा झाला. संस्कृतातला 'दारु' म्हणजे लाकूड, देवदार म्हणजे देवांचं झाड, आणि आयरिश 'दार' त्याच मुळाची. एकाच फार जुन्या शब्दाच्या दोन फांद्या, एक हिमालयात गेली, एक अटलांटिकच्या काठी. बाबाने हे लिहून घेतलं. मग आजोबा बायकोला म्हणाले, "रोज सकाळी 'नागेशं दारुकावने' म्हणतेस, तेव्हा कधी दारू आठवली का तुला?" पुराणात दारुकावनाची कथा दारुका राक्षसीची आहे हे आजोबांना पक्कं माहीत होतं, त्यांनी मला ते नंतर सांगितलंही. पण बायकोची अढी काढायला त्यांना तिच्याच तोंडातला शब्द हवा होता. आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्तोत्र म्हणताना त्या ओळीवर क्षणभर थांबली, एवढं मी ऐकलं.

आयरिश बाजूनेही आक्षेप आलाच. बाबाच्या भावाने विचारलं, 'दारा'चा अर्थ 'दुसरा' असाही होतो ना? पहिल्या मुलाला दुसरा म्हणणार? शिवाय हे नाव मुलींनाही ठेवतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात अवस्था अशी होती की दारा सगळ्यांना चालत होतं आणि कुणालाच ते आपलं वाटत नव्हतं.

कार्न्याची भेट

माझ्या मते सगळं इथे ठरलं, आणि ते आठ आठवडे आधी होऊ शकलं असतं.

शनिवारी सगळे मामोकडे गेले. मलाही नेलं. तोवर मामोला कोणी सरळ विचारलंच नव्हतं. ती कोलीन म्हणेल, मग नाही म्हणता येणार नाही, या भीतीने. बाळाला ती 'अ वाकीन' म्हणायची, म्हणजे 'बाळा', आणि नावाचा विषयही काढायची नाही.

जेवण झाल्यावर बाबाने तिला एक विनंती केली. तो लहानपणी खडकांवर खेळत असायचा तेव्हा ती दारातून हाक मारायची. तशीच हाक तिने या नावांना मारून बघावी.

इथे आयरिशचा एक नियम समजून घ्यावा लागतो. त्या भाषेत संबोधन आहे, आपल्या संबोधनासारखंच. आपण राम असेल तर 'रामा' अशी हाक मारतो, शेवट बदलतो. ते सुरुवात बदलतात. आधी 'अ' लावतात आणि पहिलं व्यंजन मऊ करतात. शेमसला हाक मारताना 'अ हेमिश' होतं. स्कॉटलंडमधलं हेमिश हे नाव अशा हाकेतूनच जन्मलं. म्हणजे ज्या नावाने माणूस नोंदला जातो, त्या नावाने आई त्याला कधी बोलावतच नाही. आठ आठवडे आम्ही कागदावरच्या नावांवर भांडत होतो, आणि मामोच्या तोंडून निघणार होती भलतीच नावं.

ती दारात उभी राहिली. पहिल्यांदा ऑशीन. स्वराने सुरू होणारं, बदलत नाही. छान वाटलं. मग कोलीन. 'अ खो...' एवढं निघालं आणि ती थांबली. आत येऊन खुर्चीवर बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली की हे नाव तिने चव्वेचाळीस वर्षं या दारातून हाकारलं आहे, आणि हाक मारली की कोण आत येणार हे तिच्या कानांना ठाऊक आहे. त्या हाकेला दुसरं कोणी आलेलं तिला नको होतं. मधलं नाव म्हणून ठेवा, त्याला बरं वाटेल.

ज्या नावाचं ओझं सून दोन महिने मनात वागवत होती, ते सासूलाच नको होतं.

मग ती पुन्हा उठली आणि दारा म्हणून पाहिलं. 'अ घारा'. तो अगदी घ नाही. घ म्हणताना हवा पूर्ण न अडवता घशातून सोडली तर जे होईल ते. पण आमच्या कानांना घारा.

मालवणच्या आजीला आयरिश कळत नाही. ती बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने मान वर केली, बाळाच्या डोळ्यांत पाहिलं. बाबाचे डोळे हिरवट करडे, आणि बाळाचे तेव्हा तसेच वाटत होते. "घारोच आसा तो," ती म्हणाली, "तिका कसा कळला?"

आईने भाषांतर केलं. मामोला समजायला वेळ लागला, मग ती बाळाजवळ येऊन खाली बसली. दोघी म्हाताऱ्या आळीपाळीने तोच शब्द म्हणत राहिल्या, एक नाव म्हणून आणि एक वर्णन म्हणून. नाव ठरलं असं कोणी जाहीर केलं नाही.

मग काय केलं

परतताना गाडीत फक्त रूपावर चर्चा झाली. बाबाला पूर्ण 'मॅक दारा' हवं होतं, त्या भागात ते पहिलं नाव म्हणून सर्रास ठेवतात. आईने नकार दिला: आडनावाच्या आधी आणखी एक मॅक आला की प्रत्येक फॉर्म त्याला आडनाव समजणार, आणि आडनाव आधीच 'ओ'वाल्यांतलं, फादा आणि मधल्या जागेसकट. 'डॅरा' असा उच्चार देणारं, शेवटी मुका जी-एच असलेलं लांब स्पेलिंगही बाजूला पडलं. चार अक्षरांवर शिक्कामोर्तब झालं, मधलं नाव कोलीन, दोन्ही फादांसह.

अकराव्या आठवड्यात नोंदणी झाली. जाताना त्यांनी नाव मोठ्या अक्षरांत, फादा ठळक करून कागदावर लिहून नेलं, आणि सही करण्याआधी पडद्यावरचं अक्षर न् अक्षर वाचलं. हे मी सगळ्यांना सांगेन. तरीही पुढे एका सरकारी पत्रात कोलीनमधल्या दोन स्वरांच्या जागी चौकोन छापून आले. बाबाने कायद्याचा हवाला देऊन लिहिलं, दुरुस्त पत्र आलं. दाराला काहीच झालं नव्हतं.

जन्मनावासाठी आजोबांनी जी-वरून 'जीवन' ठेवलं. ते त्यांच्या पंचांगाच्या वहीत आहे, बाकी कुठे नाही. आजीला तेवढं पुरलं.

परिणाम

16 जुलैला संत मॅक दाराचा सण असतो. बेटावर प्रार्थना होते, होड्या जमतात. तीन महिन्यांच्या बाळाला कोणी बेटावर नेलं नाही, पण किनाऱ्यावरून शिडं खाली-वर होताना दिसली. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देणाऱ्या घरातली आजी छत्री सावरत ते पाहत होती. तिने हात जोडले, एवढंच.

आज दारा दोन वर्षांचा आहे. पाळणाघरात तो डॅरा, मामोकडे घारा, मालवणच्या कॉलवर दारोबा. तिन्हींना ओ देतो. गेल्या डिसेंबरात गावी गेले होते तेव्हा एका चुलतभावाने दारू म्हणून चिडवलंच. आजीने त्याला देवदार म्हणजे काय ते ऐकवलं. मालवण तालुक्यातल्याच वराड गावचं आडनाव घेऊन लिओ वराडकर 2017 साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले, त्याची आठवण गावात निघतेच. त्यांचं पहिलं नाव मराठीही नाही आणि आयरिशही नाही, पण आडनाव कोकणाचं राहिलं. इथे उलटं झालं आहे.

आणि ते आईला सलतं. आयर्लंडमध्ये मुलाला आई-वडील दोघांची आडनावं लावता येतात. नावाच्या धांदलीत आडनावाचा विचार झालाच नाही. 'ओ' म्हणजे अमक्याचा वंशज, 'कर' म्हणजे अमक्या गावचा. दोन्ही शेजारी शोभली असती, असं ती म्हणते. मला वाटतं हा या प्रकरणातला सगळ्यात मोठा राहून गेलेला निर्णय आहे, कारण त्यावर 'नको' असं कोणी म्हटलंच नव्हतं.

पुन्हा वेळ आली तर

ती आलीच आहे. दुसरं बाळ नोव्हेंबरमध्ये अपेक्षित आहे, त्यामुळे काय वेगळं करायचं याची चर्चा आता पोकळ राहिलेली नाही. ग्रुपवर काही टाकायचं नाही, हे पहिलं ठरलं. ऑशीन मागे घेताना बाबाच्या मावश्यांना वाटलं होतं की मराठी सासूने नाव पाडलं, आणि ती अढी जायला वर्ष लागलं. आडनावाचं आधी बोलायचं, हे दुसरं. फ्रिजवर कागद लावायचा की नाही यावर मतभेद आहेत. मला विचाराल तर लावू नये, कारण कागदावर नाव नुसतं दिसतं.

मुलगी झाली तर मराठी नाव, हा जुना करार कायम आहे. आईच्या मनात दोन नावं आहेत. त्यांतल्या एकात ळ आहे, आणि तो मामोच्या तोंडात बसतो का, हे ऐकायला ते तिघं पुढच्या शनिवारी कार्न्याला जाणार आहेत.